कार्डावर गुंडाळलेला दोरा

९ जानेवारी

ही वही तीन वर्षांपूर्वी आणली होती. पहिल्या पानावर माझं नाव आणि कोपऱ्यात एक फूल, एवढंच तिचं आजवरचं आयुष्य. आज तिच्यात खरोखर काही लिहिते आहे, ते चिमणीमुळे.

चिमणी माझी शाळेतली मैत्रीण. आता तिला जिना चढताना दोनदा थांबावं लागतं, पण नाव तेच राहिलं. सकाळी तिचा फोन आला. आमच्या कॉन्व्हेंटची जुनी इमारत पाडणार आहेत. त्याआधी, आठ जूनला, माजी विद्यार्थिनींच्या हातकामाचं प्रदर्शन ठेवलंय, आणि तेही शिवणाच्या वर्गातच.

"आणि ऐक, शिवण-सिस्टर येणार आहेत. नव्वदी उलटली, तरी येणार म्हणतात. तुझा तो टेबलक्लॉथ आण."

"तो पुरा कुठं झालाय?"

"अजून? अगं, माझी नात शाळेत जायला लागली!"

शाळा सोडताना शिवण-सिस्टर प्रत्येक मुलीला एक पांढरं कापड द्यायच्या. त्याच्या चारही कडांना त्यांनी स्वतः निळ्या पेन्सिलीनं वेल काढलेली असायची, आणि सोबत पांढऱ्या दोऱ्याच्या दोन लड्या, मोजून पुरतील एवढ्याच. पांढऱ्यावर पांढरंच भरायचं आणि पुरं झालं की आणून दाखवायचं. वर्गातल्या सगळ्यांनी दाखवलं, मी सोडून. एक कड आणि दुसऱ्या कडेची चार पानं भरून माझं कापड चव्वेचाळीस वर्षं कपाटात पडलंय.

दुपारी ते बाहेर काढलं तर हे चहा पिता पिता म्हणाले, "आता कपाट उघडलंच आहेस तर माझा अर्धा स्वेटरही काढ. तेव्हा मी जाड होतो. आता तोच अर्धा पुरा बसेल."

मी हसले, पण आतून लागलं. पेटीचे धडे, शिक्षिकेच्या परीक्षेचा भरून ठेवलेला पण न पाठवलेला अर्ज, बागेतला अर्धा वाफा. माझं सगळं आयुष्यच 'पुढचं नंतर बघू' म्हणून घडी घालून ठेवल्यासारखं आहे.

शिवण-सिस्टरांच्या वर्गात 'उद्या' हा शब्द चालत नसे. जी म्हणेल तिनं खिडकीपाशी उभं राहायचं. तोच नियम या वहीला. हा शब्द इथं आत्ता एकदा आला, तो माझ्याकडून शेवटचा.

लड्या मोकळ्या करून कशावर तरी गुंडाळायला हव्या होत्या. गेल्या आठवड्यात चष्म्याचा नंबर बदलायला गेले होते. दुकानातल्या माणसानं बराच वेळ माझ्या डोळ्यांत बघितलं, आईच्या डोळ्यांची चौकशी केली आणि मोठ्या डॉक्टरांच्या कार्डामागं तारीख टाकून लिहून दिलं: 'डोळ्यांतला दाब. मोठ्या डॉक्टरांना दाखवा. लवकर.' चांगलं जाड कार्ड आहे. दोन्ही लड्या त्याच्यावर छान बसल्या. डॉक्टरांचं आठ जूननंतर. एका वेळी एकच काम हातात घ्यायचं, नाहीतर माझं दोन्ही राहतं.

१० जानेवारी

कापड घेऊन बसले. सुई ओवली नाही. दोन तास दुसऱ्या कडेच्या चौथ्या पानाकडं बघत होते. सतरा वर्षांच्या मुलीनं ज्या टाक्यावर सोडलं, तिथं साठी उलटलेल्या बाईनं सुई घालायची. जमेल?

१४ जानेवारी

घातली! एक पान झालं. रोज निदान एक पान, असं ठरवलंय. पंच्याऐंशी उरली आहेत. जमतं हिशोबात.

आणि सुई चष्म्याशिवाय ओवली, पहिल्याच झटक्यात. हे बघत होते. म्हणाले, "तुझ्या नजरेला मानलं. घारीची आहे." चष्मेवाल्याला बोलावून दाखवावंसं वाटलं.

२ फेब्रुवारी

बावीस पानं. दुसरी कड जवळजवळ पुरी. बोटांना जुनी ओळख पटली आहे. दुपारी खिडकीशी बसलं की घर शांत असतं, फक्त दोरा कापडातून ओढला जाण्याचा आवाज. त्या आवाजात मला शिवणाचा वर्ग दिसतो. चाळीस मुली, लांब बाकं, आणि मागून हलकेच येणाऱ्या सिस्टर. त्यांच्या बुटांचा आवाज कधी यायचा नाही. खांद्यावर हात पडला की कळायचं.

आज चहाचा कप सांडला. डाव्या हाताशी ठेवला होता म्हणे. मला वाटलं, ह्यांनी अजून आणलाच नाही. कापड वाचलं, हे नशीब. हे म्हणाले, "आईवर गेलीस." खरंच, आई शेवटी फार वेंधळी झाली होती. दाराच्या चौकटीला आपटायची, वाढताना ताटाबाहेर भात ठेवायची. आम्ही भावंडं किती हसायचो! तीही हसायची. शेवटी शेवटी नुसती खुर्चीत बसून राहायची आणि कुणी जवळ आलं की दचकायची.

२० फेब्रुवारी

अठरा दिवस काही लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही केलं नाही.

तिसऱ्या कडेची सहा पानं भरली आणि मग उजेडात बघितलं, तर वेल रेघ सोडून बाहेर गेलेली. सगळी उसवली. उसवताना एके ठिकाणी कापडाला बारीक भोक पडलं. त्यानंतर कापडाला हात लावला नाही. रोज काही ना काही निघत होतं: डबे घासणं, पडदे, चिमणीला फोन. खरं कारण मला माहीत आहे. मी नेहमी इथंच थांबते. काम बिघडलं म्हणून नाही, तर पुरं झाल्यावर ते साधारणच निघालं तर काय, म्हणून. अर्धवट आहे तोवर ते सुंदर असू शकतं.

हे म्हणतात, "कशाला जिवाला त्रास? नेलं नाहीस तर कोण फाशी देणार आहे?" प्रेमानंच म्हणतात. पण या घरात माझ्या प्रत्येक कामाला इतक्या प्रेमानं सुट्टी मिळत आली आहे.

२१ फेब्रुवारी

दोन पानं.

११ मार्च

खोलीतला दिवा बदलून घेतला. हल्लीचे दिवे काही खरे नाहीत. हे म्हणतात, "अगं, आता इथं शस्त्रक्रिया करता येईल एवढा उजेड आहे." मला तर पूर्वीचाच बरा वाटत होता.

सिस्टरांची निळी रेघ तिसऱ्या कडेवर फार पुसट झाली आहे. चव्वेचाळीस वर्षं झाली, पुसणारच. त्यावर मी एक युक्ती काढली आहे. दिवसाउजेडी, मान वाकडी करून, जिथं रेघ दिसते तिथं प्रत्येक पानाच्या देठाशी आधी एक बारीक टाका घालून ठेवायचा. मग तो बोटाला लागतो आणि पान आपोआप तिथून निघतं. खुणेचा टाका, असं मी त्याचं नाव ठेवलंय. रेघेकडं बघावंही लागत नाही. स्वतःवर इतकी खूश मी किती वर्षांत झाले नव्हते!

कार्डावरचा दोरा उतरतो आहे. वरच्या कडेला त्या माणसाचं अक्षर दिसायला लागलं. 'डोळ्यांतला', एवढंच.

२७ मार्च

भाजी आणायला गेले होते. रस्ता ओलांडताना एक सायकलवाला अगदी अंगावर आला. कुठून आला देव जाणे. आधी रस्ता स्वच्छ रिकामा होता, दोन्हीकडं बघितलं होतं मी. तो ओरडला, "आजी, बघा की जरा!" आजी! घरी येऊन ह्यांना ते 'आजी' तेवढं सांगितलं. खूप हसलो. सायकलचं सांगितलं नाही.

यापुढं भाजी ह्यांनी आणायची. मला पानं पुरी करायची आहेत.

५ एप्रिल

आज घरात जे झालं ते लिहू की नको असं वाटत होतं. पण खोटं लिहायचं तर वही कशाला?

खिडकीशी बसून चौथी कड सुरू केली होती. हात चांगला लागला होता. अचानक कानाशी मोठ्यानं, "अगं!" मी किंचाळले, सुई बोटात गेली. हे डाव्या बाजूला उभे होते.

"केव्हा आलात?"

"मघापासून हात हलवतोय तुझ्यासमोर. आधी गंमत म्हणून हलवला, मग..." त्यांचा चेहरा कसासाच झाला होता. "तुला दिसत नाही का?"

"कामात होते."

"कामात काय? हात होता माझा! इथं!"

"अहो, सुई ओवते ना मी चष्म्याशिवाय? ओवून दाखवू?"

आणि दाखवली. पहिल्या झटक्यात. ते बघत राहिले. मग म्हणाले, "दाखवू या का कुणाला तरी?"

"आठ जून होऊ दे. आत्ता डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घातलं, चार दिवस काम करू नका म्हणाले, की माझं परत राहिलं. मला मी माहीत आहे. एकदा सुटलं की सुटलं."

मला वाटलं, हे वाद घालतील. माझं म्हणणं ते सहसा ऐकत नाहीत. पण ते चटकन म्हणाले, "बरं, तू म्हणशील तसं," आणि वर्तमानपत्र घेऊन बाहेर गेले. पान मात्र उलटल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या कामासाठी हट्ट केला, आणि तो चालला. आनंद व्हायला हवा होता. बोटाला आलेला रक्ताचा थेंब कापडावर पडला नाही ना, एवढंच मी पुन्हा पुन्हा बघत बसले.

३० एप्रिल

कार्डावर आता 'मोठ्या डॉक्टरांना' एवढं मोकळं झालंय. शेवटचा शब्द अजून दोऱ्याखाली आहे. दोरा मात्र पुरेल असं वाटत नाही. बाजारात तसला पांढरा मिळत नाही. सगळे पांढरे निळसर आहेत. टाके आखूड घेते आहे.

२२ मे

जिन्याची शेवटची पायरी चुकली. म्हणजे पायरी होती आणि मला वाटलं संपली. गुडघा सुजलाय. बरंच झालं, आता बसून राहण्यावाचून इलाजच नाही. सात पानं उरली.

ह्यांनी हल्ली मला गमतीनंही वेंधळी म्हणणं सोडलंय. दारं पूर्ण उघडी ठेवतात. खुर्च्या वाटेतून सरकवून ठेवतात. मी न्हाणीघरातून येताना मध्येच कुठंतरी उभे असतात आणि विचारलं तर म्हणतात, "काही नाही, असाच." म्हातारपणी माणूस इतका मऊ होतो, हे मला माहीत नव्हतं. आमच्या लग्नाच्या सुरुवातीच्या दिवसांची आठवण येते.

३ जून

झालं.

दुपारी सव्वातीनला शेवटचं पान. गाठ मारली तेव्हा सुईत चार बोटं दोरा उरला होता. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचा सिस्टरांचा अंदाज फक्त चार बोटांनी चुकला.

कापड धुतलं, इस्त्री केलं. डाव्या कडेवर एक राखी डाग दिसत होता. पुन्हा धुतलं, तरी गेला नाही. मग खिडकीशी नेऊन धरलं, तर डाग पडद्यावरही होता. पडदेही धुवायला हवेत.

कार्ड रिकामं झालं. टाकून देणार होते, ह्यांनी उचलून खिशात घातलं. "असू दे. पत्ता आहे."

८ जून

शाळेच्या जिन्यावर ह्यांनी माझा हात धरला. चिमणी ओरडली, "अगं बाई, या वयात!" सगळ्याजणी हसल्या, आणि मी लाजले.

शिवणाचा वर्ग तस्साच. खिडक्या मात्र आठवणीतल्यापेक्षा लहान आणि वर्ग अंधारा. बाकांवर आमची कामं मांडली होती. शिवण-सिस्टर पुढं खुर्चीत होत्या, काळा चष्मा लावून. मी त्यांच्यापुढं वाकले तेव्हा त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेला मान वळवली. तेव्हा मला कळलं. चिमणीनं हे फोनवर सांगितलं नव्हतं.

"आणलंस?" त्या म्हणाल्या. "दे इकडं."

चाळीस-पंचेचाळीस बाया, कुणी आजी, कुणी निवृत्त अधिकारी, सगळ्या भोवती उभ्या. सिस्टरांनी कापड मांडीवर घेतलं आणि बोटं फिरवायला लागल्या.

पहिली कड. "ही पोर सतरा वर्षांची आहे. दोरा फार ओढते."

दुसरी. "ही भीत भीत आत आली."

तिसऱ्या कडेवर त्यांचं बोट थांबलं, त्या बारीक भोकापाशी. "इथं रडलीस."

"हो, सिस्टर."

"पण पुढं गेलीस. बरं केलंस."

त्या एका वाक्यासाठी मी काय काय दिलं असतं! डोळे भरून आले. उरलेल्या तिसऱ्या कडेवर बोट सावकाश झालं. चौथी कड. त्यांचं बोट एका देठाशी आलं, मागं गेलं, पुढच्या देठाशी आलं. मग पुढच्या. बोट थांबलं.

"हा टाका कुणी शिकवला?"

"कुणीच नाही, सिस्टर. खुणेचा टाका आहे. मीच काढला." मला वाटलं, आता शाबासकी. "रेघ पुसट झाली होती ना."

"रेघ मी काढलेली आहे," सिस्टर म्हणाल्या. "मी कधी पुसट रेघ काढत नाही."

कुणीतरी हसलं. सिस्टर हसल्या नाहीत.

"शेवटची तीन वर्षं मीही हाच टाका घालायचे. प्रत्येक देठाशी. आणि सगळ्यांना सांगायचे, हल्ली पेन्सिली चांगल्या मिळत नाहीत." त्यांनी माझं मनगट धरलं. नव्वदीच्या हातात इतका जोर. "घरी जा. हे समोर पसर. आधी एक डोळा झाक, मग दुसरा. कधी बघशील?"

उत्तर तोंडात तयार होतं. तोच शब्द. इतक्या वर्षांनी, त्याच वर्गात. मी खिडकीकडं बघितलं आणि तो शब्द गिळला.

कापड फार सुंदर झालंय, असं सगळ्या म्हणत होत्या. परत येताना गाडीत मी कापडाची घडी मांडीवर घट्ट धरून बसले.

९ जून

पडदे धुतले.

१० जून

सकाळी हे आंघोळीला गेल्यावर कापड टेबलावर पसरलं. खुर्ची समोर घेतली.

डावा डोळा झाकला. वेल होती, पानं होती. कडेला कडेला धुरकट, जाड काचेतून बघावं तशी, पण होती.

उजवा झाकला.

मी सरळ कापडाकडं बघत होते. मधोमध एक पान आणि त्याच्या देठाशी माझं बोट. बाकी काही नव्हतं. काळंही नव्हतं, आणि हेच मला लिहून ठेवायचं आहे. काळं दिसलं असतं तर मला कळलं असतं. तिथं नुसतं काही नव्हतं, आणि 'काही नाही' हे दिसत नाही. टेबल नाही, खिडकी नाही, माझा डावा हात नाही. डोकं वळवलं की एकेक तुकडा यायचा आणि आधीचा जायचा. आई खुर्चीत बसून कुणी जवळ आलं की का दचकायची, ते मला तिच्या जाण्यानंतर तेवीस वर्षांनी कळलं. आणि आम्ही हसायचो.

किती वेळ गेला माहीत नाही. हात खाली घेतला तर हे दारात उभे होते. त्यांच्या हातात कार्ड होतं.

मी त्यांच्याकडून ते घेतलं आणि स्वतः फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, "डॉक्टरांना आज वेळ नाहीये, मावशी. तुम्ही उद्या सकाळी येता का?"

मी म्हटलं, "नाही. आज. डॉक्टर येतील तोवर बसून राहीन."

११ जून

काल दुपारी एकला गेलो, संध्याकाळी सहाला आत बोलावलं. काचबिंदू. डावा गेल्यातच जमा आहे. गेलेलं परत येत नाही. उजव्यातलं उरलेलं राखायचं. डॉक्टर तरुण आहेत, सावकाश बोलतात. मला वाटतं, असं सावकाश बोलायचं त्यांना शिकवत असावेत.

सगळं सांगून झाल्यावर त्यांनी कार्ड उलटून तारीख वाचली. मग माझ्याकडं बघितलं, मग परत कार्डाकडं. मी जे विचारायचं ठरवून आले होते ते विचारलं नाही. ह्यांनी विचारलं.

"तेव्हाच आणलं असतं तर?"

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. "थेंब आजपासून सुरू करू," ते म्हणाले. "दिवसातून दोनदा. एकही चुकवायचा नाही."

पाच एप्रिलला 'बरं, तू म्हणशील तसं' म्हणणारा माणूस परत येताना वाटभर माझा दंड धरून होता. त्याच्यावर रागवायला मला जमलं नाही. त्यालाही नेहमीच 'पुढचं नंतर बघू' आवडत आलंय. त्याच सवयीवर आमचा संसार इतकी वर्षं सुखाचा झाला.

सकाळचा थेंब ह्यांनी घातला. हात हलला, गालावर पडला. दुसरा बरोबर पडला.

मग मी टेबलक्लॉथ टेबलावर घातला. ज्याच्यासाठी तो होता त्या जागी, चव्वेचाळीस वर्षांनी. ह्यांनी खुर्ची मागं ओढली आणि म्हणाले, "इथून बघ. पूर्ण दिसेल."

मी बसले. समोरची कड बघितली. मग कापड हळूच फिरवून दुसरी समोर आणली, मग तिसरी, मग चौथी. चारही पुऱ्या आहेत. एकदम मात्र दिसल्या नाहीत.